फिरत्या दोऱ्याची ओढ

माझा स्वभाव तापट, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. पोरं पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला जरा अभिमानच होता. बावीस वर्षं सोलापुरात बारावीला फिजिक्स शिकवतेय. माझ्या तासाला चुळबुळ करायची कुणाची टाप नव्हती.

जूनमधला पहिला धडा वर्तुळाकार गतीचा. त्यात कॉनिकल पेंड्युलम येतो. दोऱ्याला गोळा बांधून तो आडव्या वर्तुळात फिरवला की दोरा हवेत शंकू काढतो. त्या दोऱ्यात ताण किती, ते काढायचं. मी नेहमीप्रमाणे पिवळ्या पडलेल्या वहीतून फळ्यावर उतरवलं. गोळ्याचं वजन दोन न्यूटन, दोरा उभ्या रेषेशी साठ अंशांत. वजनाला कोसाइननं गुणलं, उत्तर एक न्यूटन. ती वही मी माझ्या सरांच्या नोट्सवरून केलेली. आमच्यात नोट्स अशाच पुढे जातात, सासूनं सुनेला लोणचं सांगावं तशा. मीठ किती, ते परत कुणी मोजत नाही.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. पूर्व भागातली, विणकराच्या घरची. घरी तेलुगू, बाहेर मराठी. बोलणं कमी, अभ्यास चोख. म्हणाली, "मॅडम, एक कसं येईल? नुसता लटकवला तरी दोन लागतात. फिरवल्यावर तर हाताला ओढ जास्त लागते की."

तिच्या घरी म्हणे सूत पारखायची एक रीत होती. आजोबा सुताच्या टोकाला धाग्यानं भरलेली कांडी बांधायचे आणि गोल फिरवायचे. नुसत्या लटकत्या कांडीला टिकलेलं सूत, कांडी रुंद फिरायला लागली की तटकन तुटायचं. असं सूत ते मागावर चढवू द्यायचे नाहीत. तिनं लहानपणापासून ते स्वतः फिरवून बघितलेलं.

मी काय म्हणावं? "मग मागावरच शीक की फिजिक्स. इथं कशाला आलीस?"

वर्ग खो खो हसला. ती खाली बसली आणि वहीत एक न्यूटन लिहून घेतलं.

संध्याकाळी जुळे सोलापूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कागद घेतला. पोरीची चूक नेमकी दाखवावी, हाच विचार. आकृती काढली. गोळा फिरतो खरा, पण वर जात नाही की खाली येत नाही. म्हणजे दोऱ्याच्या ओढीचा उभा भाग गोळ्याचं अख्खं वजन पेलतो. साठ अंशांवर तो उभा भाग ओढीच्या निम्मा असतो. निम्मा दोन, तर पुरी ओढ चार. भागायचं तिथं आम्ही गुणत होतो. साधा लंबक टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, त्याचं गणित कुणीतरी इथं चिकटवलं होतं आणि मी बावीस वर्षं ते शिकवत आले होते. गॅसवर वरण करपलं तेव्हा भानावर आले.

दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सगळ्या वर्गासमोर, आणि तेही तिच्यासमोर, माझी जीभ उचलेना. उद्या सांगू, परवा सांगू. तेवढ्यात चाचणी आली, हेच गणित होतं. तिनं उत्तर लिहिलं, एक न्यूटन. मी त्यावर बरोबरची खूण केली. लाज वाटते लिहिताना, पण केली.

जुलैच्या अखेरीला ती आर्ट्सला बदलून जायचा फॉर्म घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. लॅबचं सामान जमा असल्याची माझी सही लागते. का जातेस, एवढं तरी विचारावं? नाही. सही केली, ती "थँक्यू मॅडम" म्हणून गेली. त्यानंतर मला अन्न गोड लागेना.

ऑगस्टमध्ये एकदाची मी वर्गात चूक कबूल केली. पोरांनी जुनं खोडलं, नवं लिहिलं, कुणाला काही वाटलंसुद्धा नाही. कॉलेज सुटल्यावर स्कूटी काढून तिचं घर शोधत गेले.

ती शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा मारत होती. तिची अम्मा माझ्यासाठी खुर्ची पुसून चहा ठेवायला आत गेली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "तुझं बरोबर होतं. चार येतात. मला त्याच दिवशी कळलं होतं, तरी मी गप्प बसले."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मी त्या दिवशी घरी येऊन परत कांडी फिरवली होती मॅडम. ओढ जास्तच लागली. पण तुम्ही एक म्हणालात. म्हटलं, माझा हातच खोटं सांगत असणार."

आता बदलायची मुदत संपली होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बाहेरून सायन्सला बस, फिजिक्स मी घरी येऊन शिकवते, पहिल्या धड्यापासून. तिनं हातातल्या टॉवेलची कड सरळ केली.

"आणि तेव्हा माझं बरोबर आलं," ती म्हणाली, "तर ते मला कळणार कसं, मॅडम?"