स्वरूपच्या गालावरची जाळी

वसईतल्या आमच्या शेजारच्या वाडीतला स्वरूप २००२ साली अंधेरीला मुलाखतीला गेला. कमजोरी विचारली की आपला मोठेपणाच सांगायचा, हे ब्रह्मज्ञान त्याला क्लासच्या सरांनी दिलं होतं. एवढ्यासाठी क्लास!

साहेबांनी विचारलं, "तुमची कमजोरी कोणती?"

स्वरूप रुबाबात म्हणाला, "सर, कामापुढे मला झोप सुचतच नाही."

साहेब त्याच्या गालाकडे बघत राहिले. बाहेर ज्या वेताच्या खुर्चीला गाल टेकून तो घोरला होता, तिची जाळी गालावर झकास उमटली होती.

नोकरी हुकली. अंधारात उठून वाडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या खुडून आलोय, एवढं तरी त्या शहाण्याने सांगायचं! पण वाडीचं नावही काढू नकोस, असं सरांनी बजावलं होतं ना.