आत पंखा आहे

पाटणकर बाजारात आमच्या वरच्या मजल्यावर सुमनताई राहतात. त्यांच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एके काळी आमच्या लष्कर भागातल्या अर्ध्या बायका लोटायच्या. बाई हौशी आणि तोंडाने फटकळ. कोणी आली नाही तर वर्षभर ऐकवायच्या. मीही ऐकलंय.

मग त्यांचा मुलगा समरजीत गेला. साधा ताप म्हणता म्हणता ऐन तिशीत गेला. त्याची बायको शिखा हजीरा भागातल्या हिंदी भाषिक घरातली. माहेरचे न्यायला आले तर म्हणाली, "फिर आई को कौन सँभालेगा?" 'आई' म्हणायला ती लग्नानंतर शिकली होती, आंबेडाळ करायला शिकली तेव्हाच.

वर्ष सरलं आणि सुमनताईंनी पुन्हा गौर मांडली. "नवरा आहे, माझं कुंकू शाबूत आहे, मग देवीला का उपाशी ठेवू?" सकाळपासून डाळ वाटली ती शिखानेच. कैऱ्या उकडून पन्हं केलं. बायका जमल्या तेव्हा ती ग्लासांचा ट्रे घेऊन बाहेर आली. सुमनताईंनी ट्रे हातातून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "तू आत बस बाई. आत पंखा आहे."

पंधरवड्यात शिखा थाटीपुरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. समरजीतच्या जागी तिला नोकरी लागली होती. "पगार आला, सासू जड झाली," असं सुमनताई गल्लीभर सांगत सुटल्या.

पुढे त्यांचे यजमान शिवाजीरावही गेले. घरात सुमनताई एकट्या उरल्या. या चैत्रात समोरच्या शालिनीताईंकडे हळदीकुंकू होतं. सुमनताईंना बोलावणं नव्हतं, पण सवयीने त्या डाळीला फोडणी द्यायला गेल्या. बायका यायला लागल्या तशा शालिनीताई प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही आत बसा ना, सुमनताई. आत पंखा आहे."

परत आल्या त्या माझ्या दारातच मटकन बसल्या. "शालिनीला काय बोल लावू? तिने माझ्याकडूनच उचललं ते. किती गोड बोलले होते गं मी. त्या पोरीला आत बसवलं आणि बाहेर फराळ वाटत होते." छाती बडवून घेत होत्या. या बाईची कोणीतरी एकदा जिरवावी असं मला कितीदा वाटलं होतं. त्या दिवशी मात्र बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला ऑटोत घालून त्या थाटीपुरला निघाल्या. शिखा ऑफिसच्या तयारीत होती. "आइए, माँजी," म्हणाली. 'आई' गेली होती. मी सुमनताईंकडे बघितलं, त्यांनाही ते कळलं होतं.

पाणी पिऊन होताच त्यांनी पर्समधून कुंकवाची कोयरी काढली. "चुकलं माझं, शिखा. कपाळ पुढे कर. मी लावते."

शिखाने त्यांचा हात धरला आणि खाली केला. "हमें कुंकू थोड़े ही चाहिए था, माँजी. बाहर से आपके हँसने की आवाज़ आ रही थी. हम सोचते रहे, एक मिनट को अंदर आएँगी, हमारे पास बैठेंगी."

"मग आता बसते ना गं," सुमनताई म्हणाल्या. "घरी चल. रोज बसते तुझ्याजवळ."

"ऑफिस का टाइम हो गया," शिखा म्हणाली आणि कुलूप शोधायला लागली.

तेव्हापासून सुमनताई दर रविवारी थाटीपुरला जातात. कुंकू नेत नाहीत, आता कोणाला फटकळ बोलतही नाहीत. तो फटकळपणा गेला याचंही मला बरं वाटत नाही. शिखा दार उघडते, खुर्ची देते, आलं घालून चहा करते, बीपीच्या गोळ्या घेतल्या का विचारते. समोरची खुर्ची रिकामीच असते. सुमनताई तासभर त्या खुर्चीकडे बघत राहतात. शिखा स्वतःचा चहा उभ्यानेच पिते.