धाकट्यानं आधी उचलायचं

आरतीच्या वाटेला जाऊ नये. ती भांडत नाही, हीच तर पंचाईत. भांडणारी बाई परवडली. सकाळी चार शिव्या घालते आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला येते. आरती लक्षात ठेवते.

संगमनेरात माझं झेरॉक्सचं दुकान, शेजारच्या गाळ्यात ती. कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेला जाडजूड सर्व्हर तिने सुप्याहून टेम्पोत घालून आणला. त्यावर लिनक्स टाकलं आणि हायपरवायझर बसवायला घेतला. म्हणजे काय गं, विचारलं तर म्हणाली, "एका मशीनच्या पोटात चार मशीन करायची. प्रत्येकाला वाटतं, आपलं घर वेगळं. जागा मी वाटून देते." आधी ते काही केल्या जमेना. मग कळलं, की मशीनच्या मूळ सेटिंगमध्येच त्याला बंदी होती. ती उठवली आणि पहिलं मशीन चालू झालं, तेव्हा तिने सगळ्या गाळेवाल्यांना पेढे वाटले. दुकानदार आपले हिशेब ठेवायला त्या मशीनवर भाड्याने जागा घ्यायला येऊ लागले.

वाटणीचं तिला शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे रीत आहे, थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. तिचे थोरले चुलते छगनआप्पा रीतीला पुरून उरले. त्यांनी एक वाटा सहा एकरांचा पाडला, एक नऊचा. आरतीचे वडील भिमाजीकाका तेव्हा सुप्याला कंपनीत होते. रजेवर आले आणि शेत न बघताच नऊ एकर उचलून मोकळे झाले. पेरायला गेले तर त्यातले चार ओढ्याने केव्हाच खाल्लेले. जाब विचारला तर आप्पा म्हणाले, "सातबाऱ्यावर नऊ हाय ना? मग हाय." काका घरी आले, बायकोला एकदाच सगळं सांगितलं आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

हे सगळं आरतीने लहानपणी दाराआडून ऐकलं होतं. ती मला म्हणायची, "जमीन नको मला. आप्पांनी चार माणसांत कबूल करावं, बस्स."

आणि एक दिवस आप्पांचा मुलगा करण तिच्या गाळ्यात आला. गावाकडचं दूध संकलन केंद्र तोच चालवतो. "ताई, तू घरचीच हायेस. आमचं बी पावत्यांचं काम ठेव की तुझ्या मशीनवर."

मला वाटलं, आता हाकलते. तिने चहा सांगितला.

"दोन वाटे पाडलेत," ती म्हणाली. "एक पाचशे जीबीचा, पाचशेच्या पाचशे राखून ठेवलेला. दुसऱ्यावर आकडा हजारचा आहे, पण खाली शिल्लक डिस्क त्याच्या निम्मीसुद्धा नाही. ती भरली की मशीन थांबणार. मी थोरली, तू धाकटा. तू आधी उचल."

करणचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये. "हजारवालाच दे. आपुन कमी कशाला घ्यायचं?"

ती एक अक्षर खोटं बोलली नाही, हे मी देवळात उभी राहून सांगेन.

हावरटाने मग केंद्रातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही तिथेच साठवायला सुरुवात केली. जागा भरत आल्याचे इशारे आरतीने पाठवले. त्याने एकही उघडला नाही. रोज सकाळी ती उरलेली जागा बघायची आणि मग निवांत पोहे खायची.

ऐन थंडीतल्या एका सकाळी फोन आला. तिने स्पीकर लावला.

"ताई, मशीन थांबलंय! पावत्या निघंनात, लोक दूध घालंनात!"

"वहीत लिहून घे."

"माझ्या वहीवर कोन इस्वास ठेवतंय?"

मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

"जागा संपली असेल," आरती म्हणाली.

"संपंल कशी? हितं हजार दिसत्यात!"

"दिसतात ना? मग हाय."

तिने ड्रॉवरमधून एक नवी डिस्क काढून टेबलावर ठेवली. "करण, ही जोडली की तुझं मशीन उठेल. आधी आप्पांना बोलव. ओढ्यातले चार एकर कुणी कुणाच्या गळ्यात मारले, ते त्यांनी रांगेतल्या माणसांना सांगायचं."

मी तिचा हात धरला. "आरती, गोरगरिबांचं दूध आहे गं."

"थंडी आहे. इतक्यात नासत नाही."

किटल्यांच्या खडखडाटात करणने आप्पांना हाक मारल्याचं ऐकू आलं. मग कुणीतरी खाकरलं.

"ओढ्यानं खाल्ल्यालं मला ठाव हुतं," छगनआप्पा म्हणाले. "म्या भिमाला सांगितलं न्हाई."

आरतीने डोळे पुसले आणि डिस्क उचलली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा बघत होते.

तेवढ्यात फोन दुसऱ्या कुणी घेतला. भिमाजीकाकाच. तेही किटली घेऊन त्याच रांगेत उभे होते. मला वाटलं, आता हा देवमाणूस सगळ्यांना माफ करणार.

"आरते, लोकांचं दूध हाय. चालू कर," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "पर सावकाश कर."

आरतीने हातातली डिस्क परत टेबलावर ठेवली आणि मला चहा सांगायला पाठवलं.