बिनहँडलचं दार

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली जेवढी दारं आहेत, त्या सगळ्यांना हँडल आहेत आणि एकाचं दुसऱ्यासारखं नाही. फक्त टोकाच्या एका दाराला हँडलच नाही. नवीन आलेला माणूस पाणी पिता पिता विचारतोच. मी आजवर सांगत आले, सुताराचं ड्रिल ऐन वेळी बिघडलं आणि मग राहूनच गेलं. लोकांना पटतं. सुतारांबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना पटतं. पण ते खरं नाही. सासूबाई आता नाहीत, तेव्हा खरं काय ते सांगायला हरकत नाही. हरकत तेव्हाही नव्हती; मीच गप्प राहिले.

आधी एक सांगते. स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की ओळखीच्या बायका मला फोन करतात, आणि माझा सल्ला चुकत नाही. ओट्याखाली फळ्या नकोत, ओढायचे कप्पेच घ्या. खोल फळीवरचा मागचा डबा काढायला गुडघे टेकावे लागतात. कप्पा ओढला की सगळं समोर येतं. दारावर चौकटीची नक्षी दिसायला छान, पण तिच्या खोबणीत तेल बसतं आणि दिवाळीच्या आधी जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. काचेची दारं घ्यायची असतील तर आतले डबेही दाखवण्यासारखे हवेत. कोपऱ्यात ती फिरती चकती घेऊ नका, तिच्या मागे पडलेला लसूण कोंब फुटल्यावरच सापडतो. हे सगळं मी ठामपणे सांगते. हँडलचा विषय निघाला की मात्र म्हणते, "ते घरच्यांना विचारून ठरवा."

राज्याची वाटणी होऊन दोन राज्यं होत होती, ती वर्षं. मी सरकारी कचेरीत होते. सासरीही पिढ्यान् पिढ्या सरकारी नोकरीच, त्यामुळे घरात दुसरा विषय नसायचा. माणसं कुठं जाणार हे वरून ठरत होतं, पण आमच्या मजल्यावरची कपाटं कुठं जाणार हे ठरवून चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे आलं. हे त्यांचं, हे आपलं. मला ते छान जमलं. मी बोट दाखवायचे आणि शिपाई कपाट उचलायचे. संध्याकाळी काचीगुडा स्टेशनासमोरच्या आमच्या घरी यायचे, पदर खोचायचे आणि विचारायचे, "आई, आज काय करू?"

सासूबाई म्हणायच्या, "लसूण सोल."

लग्न होऊन आले तेव्हाही लसूणच सोलत होते. छळ वगैरे काही नव्हता. छळ असता तर हे लिहायला सोपं गेलं असतं. त्या प्रेमळ होत्या, हाताला चव होती, आणि स्वयंपाकघर त्यांचं होतं. मी तिथे चांगली मदतनीस होते. मीठ किती हे त्या मला विचारत नसत, आणि मी रविवारी हौसेनं डबे लावले तर सोमवारी ते परत आपल्या जागी गेलेले असत. "अगं, मला सापडत नाही मग," एवढंच म्हणायच्या.

खरंच सापडत नसायचं. त्यांना काचबिंदू होता. समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं, आणि तेही अंधुक. पण स्वयंपाकघरात हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. ओट्याखालची जुनी दारं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या सुतारांनी बसवलेली होती. एकाला पितळी कडी, एकाला लाकडी गोटी, एकाला कुकरच्या जुन्या झाकणाची मूठ स्क्रूनं लावलेली, एकाला नुसता सुतळीचा फास. मला ते दरिद्री वाटायचं. एकदा मी कचेरीतून लवकर आले आणि दारातूनच पाहिलं. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, तोंड खिडकीकडे, आणि हात खाली दारांवरून सरकत होता. कडी, गोटी, मूठ, सुतळी. सुतळीपाशी थांबला, दार उघडलं, डाळीचा डबा वर आला. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा मला कळलं की त्या दारं हातानं वाचतात. मी हे कुणाला बोलले नाही.

पुढे एकदा दूध उतू जाऊन करपलं आणि गॅस तसाच चालू राहिला. ह्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, आता आराम कर. स्वयंपाकघर नवीन करू, ही बघेल सगळं." मी मान खाली घालून उभी होते. आतून मला हवं होतं तेच झालं होतं.

शोरूममध्ये सासूबाईही आल्या होत्या. विकणारा माणूस हसतमुख होता, नमुन्याची दारं पत्त्यांसारखी पुढे टाकत होता. सासूबाईंनी चौकटीच्या नक्षीवरून बोट फिरवलं.

"हे बरंय. बोटाला कळतं."

"त्यात तेल बसतं, आई," मी म्हटलं. आणि ते खरं होतं, हीच तर गंमत.

मग त्यानं हँडलांचा ट्रे ठेवला. सासूबाईंचा हात लगेच तिकडे गेला. तो मला विचारत होता, "हँडल हौना कि नक्को, मॅडम? आजकल सब बिनहँडलकाच ले रैं. पुश करे तो खुल जाता."

मी ट्रेकडे पाहिलं, त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हटलं, "नक्को." त्यांना म्हटलं, "हँडलला साडी अडकते, आई."

त्यांनी हात ट्रेमधून काढून मांडीवर ठेवला. "तू बघ. तुलाच वापरायचंय."

पांढरं, चकचकीत, सपाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भिंतच जणू. आत एकाहून एक ओढायचे कप्पे: कढया-पातेल्यांचा खोल, ताटांचा उभ्या दांड्यांचा, तेलाच्या बाटल्यांचा अरुंद, सिंकखाली कचऱ्याच्या डब्याचा. अलगद बंद होणारे, आवाज नाही. मी इतकी खूश होते की कचेरीतून बायका बघायला आणल्या.

सासूबाई पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा आत गेल्या. दाराच्या मधोमध हात ठेवायच्या, दार ढिम्म. कडेला दाबलं तरच ते उघडतं, आणि कड त्यांना दिसायची नाही. उघडलंच तर भलतंच निघायचं. मग त्या बाहेरच्या खोलीत बसू लागल्या. एका दुपारी तिथूनच विचारलं, "अगं, मेथीदाणे कुठं ठेवलेस?"

आजवर हा प्रश्न मी त्यांना विचारत आले होते. मला आनंद झाला. लिहूनच टाकते, आनंद झाला.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. इतरांच्या गौरी, आमच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठेचा मुखवटा सासूनं आणायचा, कनिष्ठेचा सुनेनं. उंबऱ्यापासून हळदीकुंकवाची पावलं काढायची, त्यांवरून चालत यायचं, मागे कुणी ताटावर चमचा वाजवायचा, आणि बसवण्याआधी दोघींना घर दाखवायचं. तिजोरी दाखवायची, धान्य दाखवायचं, स्वयंपाकघरातलं एकेक दार उघडायचं. कुणीतरी विचारतं, "इथं काय आहे?" आणि घरची मोठी बाई म्हणते, "उदंड आहे."

त्या वर्षी परभणीहून नणंदबाई आल्या होत्या. विचारायचं काम त्यांचं, ताट वाजवायचं माझ्या मुलीचं. सासूबाई पुढे, डाव्या हातात ज्येष्ठा छातीशी धरलेली; मी मागे, कनिष्ठा घेऊन. पावलं त्यांनीच काढली होती, म्हणून उजव्या हाताची बोटं कुंकवानं ओली. तिजोरी झाली, पलंगाखालचे धान्याचे डबे झाले, आणि आम्ही स्वयंपाकघरात आलो.

सासूबाईंनी हात खाली नेला, जिथं पूर्वी पितळी कडी असायची तिथं. तिथं काही नव्हतं. हात पुढे सरकला. पांढऱ्या दारावर कुंकवाची रेघ उमटत गेली, एका दारावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. मुलगी ताट वाजवायची थांबली.

नणंदबाईंना वाटलं त्या मुद्दाम थांबल्या आहेत. त्यांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, "इथं काय आहे?"

"मला माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या. "हिला विचार."

आवाज चढवला नव्हता. हातात ज्येष्ठा होती, त्यांना त्या दिवशी खोटं बोलायचं नव्हतं, एवढंच.

मी घाईनं पुढे झाले. हात मोकळे नव्हते, पाय लावायचा नाही, म्हणून कंबरेनं दाराची कड दाबली. कप्पा अलगद, आवाज न करता, पूर्ण बाहेर आला. सिंकखालचा. सकाळची केळ्यांची सालं, चहाचा गाळ, फुलांचे देठ.

"हे दाखवतेस होय लक्ष्मीला?" नणंदबाई म्हणाल्या. "वहिनी, तुझं तुलाच सापडेना की."

मुलगी खुदकन हसली. मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ज्येष्ठेचा मुखवटा अलगद दुसरीकडे वळवला, जसं आपण लहान मुलाचं तोंड वळवतो, आणि म्हणाल्या, "चला, बसवू या. सवाष्णी येतील."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, सोळा भाज्या झाल्या, पुरण झालं. मी आणि नणंदबाईंनी केलं. सासूबाई पाटावर बसून पानं पुसत होत्या. सगळ्यांनी त्यांना म्हटलं, किती छान, सून आली कामाला. त्या हो म्हणत होत्या.

विसर्जनानंतर नणंदबाई गेल्या. दुपारी मी ओलं फडकं घेऊन दारांवरचं कुंकू पुसायला बसले. सासूबाई उंबऱ्यापाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या.

"निघतंय का?"

"निघतंय. यावर काही राहत नाही." मग मी फडकं खाली ठेवलं. "आई, मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही कडी-सुतळी चाचपून ओळखता ते. मी पाहिलं होतं. शोरूममध्ये जायच्या आधीच. साडी अडकते म्हटलं ते उगीच."

खाली स्टेशनात गाडी शिरत होती, ओट्यावरची भांडी किणकिणली, थांबली.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "रंग मला तीनदा दाखवलास. हँडलांचा ट्रे मात्र लगेच उचलायला लावलास." मग म्हणाल्या, "स्वयंपाकघर हवं होतं तर मागायचंस ना, अगं. मागितलं असतंस तर भांडले असते मी. पण भांडून दिलं असतं."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं, तरी नाही आलं. मी म्हटलं, "उद्या बेगम बाजारला जाऊ. तुम्ही निवडा."

दुकानात हँडल एका फळीवर ओळीनं ठोकलेली होती. सासूबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि एकेकावर हात फिरवायला सुरुवात केली. दुकानदार वैतागला. "अम्मा, सब अलग-अलग कैकू? सेट लेव ना. अच्छा दिखता."

"दिखनेकू नक्को," सासूबाई म्हणाल्या. "मेरेकू अलग-अलगच हौना."

त्यांनी एक पितळी कडी घेतली, एक चिनी मातीची गोटी, एक लांब दांडी, एक शिंपल्यासारखं, आणखी काय काय. मोजून एक कमी घेतलं. मला वाटलं, चुकलं. घरी सुतारानं त्या नव्याकोऱ्या पांढऱ्या दारांना भोकं पाडली. शोरूमवाल्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो आता गॅरंटी संपली म्हणाला. म्हटलं, संपू दे. शेवटी टोकाचं दार राहिलं.

"एक हँडल कमी आलं, आई. उद्या आणते."

"कमी नाही आलं. ते तुझं," त्या म्हणाल्या. "त्यात तुला हवं ते ठेव, हवं तसं. मी नाही हात लावायची."

सुतार ड्रिल पिशवीत घालून गेला.

त्या पुन्हा स्वयंपाक करू लागल्या. गॅसचं बटण बंद केलं का, हे मी दर वेळी बघायचे आणि त्या दर वेळी "बघ, बघ" म्हणायच्या. मीठ किती, ते एक दिवस त्या विचारतात आणि एक दिवस विचारत नाहीत, असं आमचं चालू झालं. माझ्या दारामागे मी माझे कॉफीचे कप ठेवले, चांगली बिस्किटं, आणि चहापत्तीचं नवं पाकीट.

एकदा संध्याकाळी कचेरीतून आले तर सासूबाई डोकं धरून बसलेल्या. दुपारपासून चहा नाही. त्यांच्या डब्यातली पत्ती संपली होती.

"अहो, माझ्या दारात होती की अख्खं पाकीट."

"ते तुझं दार," त्या म्हणाल्या. रागानं नाही. मी उगीच का विचारतेय, असा चेहरा.

मी तिथल्या तिथं सगळं बाहेर काढलं, कप, बिस्किटं, पाकीट, आणि म्हटलं की मी उद्याच याला हँडल लावून घेते. त्यांनी ऐकलं नाही. "दिलं ते दिलं," म्हणाल्या. त्यानंतर मी पुष्कळदा विचारलं, शेवटच्या आजारातही विचारलं. नाहीच म्हणाल्या.

म्हणून ते दार तसंच आहे. आत फारसं काही नसतं. चहापत्ती त्या संध्याकाळपासून पितळी कडीच्या दारामागे असते, पुढच्याच डब्यात.