मल्लप्पा अण्णांचा सदरा

मल्लप्पा अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात, उंदीर हातात कसा धरावा हे शिकवत होतो. चिटगुप्प्याहून त्यांची लेक बोलत होती... सकाळी चहा पिऊन बसल्या जागी गेले, म्हणाली. मी "व्हय, व्हय" करत राहिलो आणि तेवढ्यात उंदराने माझा अंगठा कडकडून चावला. अण्णा असते तर त्यांनी आधी उंदराला काही झालं का हे बघितलं असतं.

अण्णा बिदरला आमच्या प्रयोगशाळेतली जनावरं सांभाळायचे. घराणं कमठाण्याचं, मेंढपाळांचं. मी तिथे संशोधनाला लागलो तेव्हा विषय होता रक्तवाहिन्या आवळणारं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. ते अर्ध्या उंदरांना टोचायचं, बाकीच्यांना तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी, आणि शेपटीला चिमुकला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा. पेप्टाइडने तो चढायला हवा, मिठाच्या पाण्याने जागचा हलू नये. माझे सगळेच उंदीर चढलेले. दुसरा कोणी घाबरला असता, मी हुरळलो. थेंबभर मिठाच्या पाण्यानेही रक्तदाब वाढतो, हा शोध लाल शाईने अधोरेखित करून माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सांगितलं, आठ दिवसांत आकडे सरळ आले नाहीत तर हा विषय बंद.

मी पडलेल्या तोंडाने पिंजऱ्यांपाशी आलो. अण्णांनी मला दोन-तीनदा खोलीच्या आत-बाहेर करायला लावलं. मी आत आलो की उंदीर कोपऱ्यात गोळा व्हायचे, गेलो की सुटे. मग त्यांनी जवळ येऊन माझ्या पांढऱ्या कोटाचा वास घेतला.

"डॉक्टर, घरी मांजर पाळलाव का?"

पाळली होती. माझा कोट हेच तिचं रोजचं अंथरूण.

"लांडग्याचा वास लागलेलं घोंगडं घेऊन मेंढरांत गेल्यावर मेंढरं थांबतीत व्हय? भ्यायलेत बिचारे. तुमचं औषध कामून दिसंल त्यात?" मी हसायला लागलो, तर ते हळूच म्हणाले, "इतकी जित्राबं तुमच्या मांजरीपायी वाया गेली की, डॉक्टर." पुढे मला हसू आलं नाही.

अण्णांनी अंगातला सदरा काढून मला दिला आणि स्वतः आठ दिवस बंडीवर वावरले. सदरा माझ्या गुडघ्यापर्यंत. सर एकदा मागून आले, मला अण्णा समजून पिंजरे पुसायला सांगून गेले. मी मुकाट्याने पुसले. पण उंदीर निवांत झाले. नव्याने मोजलं तर मिठाच्या पाण्याची रेघ आडवी राहिली आणि पेप्टाइडची अशी चढली की मी टेबलावर बुक्की मारली. "हळू," अण्णा म्हणाले, "आता तुमच्यापायी चढंल त्यांचं."

निवृत्त होताना सदरा खिळ्याला अडकवून गेले. नव्या पोरांना लागंल, म्हणाले. खरंच लागतो. वासाचा साबण त्याला आम्ही लावत नाही, आणि घरी मांजर आहे का हे विचारल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही.

काल मी तो घालून आत गेलो. आता गुडघ्यापर्यंत येत नाही, पोटावर अडतो. तिथल्या एकाही उंदराने अण्णांना पाहिलेलं नाही... पण मान वर करून बघावं असं एकालाही वाटलं नाही. ते आपले खात राहिले. अण्णाच आल्यासारखे. मग मीही काही मोजलं नाही. सदरा परत खिळ्याला अडकवला.