खुणेच्या ओळी

माझी धाकटी जाऊ वैशाली हिच्याविषयी माझ्या मनात काहीही नाही. फक्त तिचा ब्लॉग माझ्या ब्लॉगपेक्षा चांगला दिसतो, हे मला सहन होत नाही.

दोघींचेही ब्लॉग स्वयंपाकाचेच. ती अंबरनाथला, मी कुळगावात. वाचक म्हणाल तर सगळे नातेवाईक, आणि त्यांत सर्वांत महत्त्वाच्या म्हणजे चामटोलीला राहणाऱ्या आमच्या सासूबाई. त्या फोनवर दोघींचं वाचतात, कौतुक मात्र तिचंच करतात. तिचं पान म्हणे प्रसन्न वाटतं! (माझं पान रेशनच्या फॉर्मसारखं दिसतं, असं आमच्या ह्यांचं मत.)

शेवटी मी मान खाली घालून तिच्याकडे टेम्प्लेट मागितलं, म्हणजे पानाची मांडणी ठरवणारा तो लांबलचक कोड. तिने लगेच पाठवला. वर फोन करून म्हणाली, "ताई, मधे खूण केलीय ना, तेवढ्या ओळी तुमच्या आहेत तशाच ठेवा. त्यांना हात नका लावू. बाकी सगळं माझं घ्या."

मी कान टवकारले. आमच्या घरात पाककृती देताना एक जिन्नस हातचा राखायची पद्धत आहे. वालाच्या बिरड्यातला गूळ मी स्वतः आजवर कुणाला सांगितलेला नाही. तेव्हा सगळी शोभा त्या खुणेच्या ओळींतच असणार, हे मी ओळखलं. टेम्प्लेट एडिटर उघडला, माझं होतं नव्हतं ते पुसलं आणि तिचं सगळं, खुणेच्या ओळींसकट, चिकटवून सेव्ह केलं. हे म्हणाले, आधी जुन्याची कॉपी ठेव. मी त्यांना कांदे चिरायला पाठवलं.

पान झकास दिसायला लागलं. त्याच आनंदात मी बिरड्याची कृती ब्लॉगवर टाकली. (वरचं नाव बघायचं सुचलंच नाही. स्वतःच्या दारावरची पाटी कोण वाचतं?)

अर्ध्या तासात सासूबाईंचा फोन.

"अगं, वैशालीनं बिरडं काय छान लिवलंय. गूळ तेवढा इसरली. शीक जरा तिच्याकडनं."

धावत जाऊन पाहिलं. वर वैशालीचं नाव, वैशालीचा फोटो आणि खाली माझं बिरडं! त्या ओळींत एवढंच होतं: ब्लॉग कोणाचा आहे ते.

वैशालीनेच सगळं पुन्हा नीट करून दिलं, तेही न हसता. त्याचाच मला जास्त राग आला. एडिटरमध्ये त्या ओळींच्या वर तिने माझ्यासाठी लिहून ठेवलंय, 'ताई, इथे हात लावू नका. यात काहीही लपवलेलं नाही.'

मी रोज एडिटर उघडून त्या ओळी तपासते. काहीतरी राखून ठेवलंच असणार तिने. मी नाही का अजून गूळ ठेवलाय?