मोरचुदाचे वाफे

नांद्याच्या कोंडाबाईच्या मिरचीच्या रोपांना पंचक्रोशीत मागणी असायची. पण त्रेसष्ट साली तिची रोपं बुडाशी कुजून कोलमडायला लागली, तेव्हा शेतीच्या नव्या साहेबांनी कुजवणारी बुरशी मारायला वाफ्यांत मोरचुदाचं पाणी ओतायला लावलं, तेही चार वेळा. कूज थांबली. मात्र उरलेली रोपं बोटभर होऊन अडली आणि पानं जांभळी पडली. वरून खत घातलं, तरी ते रोपांच्या अंगी लागेना. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "कोंडाबाईचं बीच फसवं!"

ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. औषध संपल्यामुळे एक वाफा तसाच राहिला होता. त्यात जगलेली रोपं वीतभर झाली होती. तिने दोन्हीकडची रोपं उपटली आणि चावडीत साहेबांपुढे आपटली.

"बी एकच, खत एकच. मंग ही खुरटी का?"

साहेबांनी मान खाली घातली. "बाई, मुळांवर एक चांगली बुरशीही असते. ती मातीतलं अन्न रोपाला पोचवते. मोरचुदाने तीही मेली असणार."

"तुमाला ठावं व्हतं?"

"पुस्तकात वाचलं होतं."

"आन् तरी चारदा वतलंत? वर नाव माझ्या बियाचं खराब! चला, पाटी उचला."

साऱ्या गावादेखत साहेबांनी त्या चांगल्या वाफ्यातली माती वाहिली. ती मिसळून नवे वाफे केले, तिथली रोपं जोमाने वाढली. बियाला नावं ठेवणारे परत आले, तेव्हा कोंडाबाईने त्यांना एक काडीही दिली नाही.